बायकांचा तास

नवऱ्याची जयपूरला बदली झाली आणि शालनच्या घराची धर्मशाळा झाली. हवामहल बघायला सांगलीहून आज दीर, उद्या मावससासूबाई. शालन मात्र पोळपाटासमोरून हलायची नाही.

त्यात एके संध्याकाळी रंगनाथ खुशीत घरी आला. "अगं, कॉलनीच्या व्यायामशाळेत दुपारी बायकांना मेंबरशिप फुकट आहे. तुझं नाव घालून आलो."

"अहो, इथं उभं राहायचं त्राण नाही. व्यायाम कुठला करू?"

"फुकटचं आहे, सोडायचं कशाला? थकवा जाईल बघ."

महिन्याभरात शालनच्या चेहऱ्यावर तरतरी आली. रंगनाथ येईल त्या पाहुण्याला व्यायामाचं महत्त्व ऐकवू लागला. शेवटी मुक्कामाला आलेल्या थोरल्या जाऊबाईच हटून बसल्या, "उद्या मलाही ने."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलच्या दारातच व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि जाऊबाईंच्या हातात चटई दिली.



"आइए भाभीजी, पंखे के नीचे जगह है," त्या कुजबुजल्या. "बस, आवाज़ मत कीजिए. सब सो रही हैं."