पैलवानाचे ठोके

पैलवान हरवल्याचं सोमवारी सकाळी कळलं.

हृदयविभागात पैलवान म्हणजे एक जुनी कॅसेट. मॅडमनी संशोधनाच्या पहिल्या वर्षी एका धडधाकट पैलवानाच्या हृदयाचे ठोके टिपले होते. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या, तरी नव्या विद्यार्थ्यांचा पहिला तास त्याच कॅसेटने सुरू होई. आधी निरोगी हृदय ऐका, मग आजारी. नकलेत बारीक आवाज मरतात, म्हणून नक्कल त्यांनी कधी करू दिली नाही.

कॅसेटमध्ये मध्येच दार करकरतं आणि ठोके भरभर पडू लागतात. मुलं हसायची.

"पैलवान दचकला," मॅडम म्हणायच्या. "निरोगी हृदय असंच असतं. दगड नसतं ते."

मॅडम गेल्यानंतरचा पहिला तास उद्या होता. त्यांचीच विद्यार्थिनी आता प्रमुख होती. तिने काकांना बोलावून घेतलं. काका म्हणजे मॅडमचे यजमान. या इमारतीतले पंखे आणि दिवे त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केले होते.

"काका, मॅडमचं कपाट तुम्हीच आवरलंत. कॅसेट चुकून सामानात गेली नसेल ना?"

"चुकून काही गेलं नाही."

"मग आता पैलवान कुठून आणू?"

"मी आहे की."

विभागातली जुनी पोरं खो-खो हसली. काका खरंच सदरा काढून टेबलावर आडवे झाले. तिने छातीवर नळी टेकवली.

"काका, झडप कुरकुरतेय तुमची."

"तुमच्या मॅडमही हेच सांगायच्या. म्हणायच्या, तुम्हाला दुसऱ्या तासाला नेते."

शेवटी कँटीनवाल्याला धरून आणलं. त्याचे ठोके चांगले निघाले, पण तिचा चेहरा खुलला नाही.

"त्या ठोक्यांनी मला डॉक्टर केलं, काका. उद्या पोरांना तेच ऐकवायचे होते."

काका सदऱ्याची बटणं लावत राहिले.

घरी येऊन ते जेवले. खिडकीपाशी खुर्ची ओढली, टेपरेकॉर्डर सुरू केला. ठोके टिपायच्या दिवशी पैलवान आलाच नव्हता. वैतागून मॅडमनी यंत्र स्वतःच्याच कोटाच्या आत धरलं होतं.

कॅसेटमधलं दार करकरलं. तेव्हा शिडी खांद्यावर घेऊन काकाच आत आले होते, तोच धडधाकट पंखा तिसऱ्यांदा बघायला. ठोके भरभर पडू लागले. काका रोजच्यासारखे हसले.

कॅसेट परत द्यायची राहिली आहे.