बटाट्याची खरूज

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीला नुसतं बोट लावलं, तर बटाट्या आडवा पडून चारही पाय झाडायला लागला. मान मागे टाकून तो असा काही तडफडला की टेबलावरची बाटली हलली. गिनीपिग म्हणजे मूठभर जीव, पण दोन्ही हातांनी धरावा लागला.

"हेच," त्याला घेऊन आलेली ती म्हणाली. "दोन दिवस हेच चाललंय. आकडी आहे ना? वाचणार नसेल तर आत्ताच सांगा. घरी वडिलांना कसं सांगायचं ते मला ठरवावं लागेल."

ती टेबलाला टेकून उभी होती, कारण बसून बसून कंबर धरली होती. सकाळभर वीज कचेरीतल्या तक्रारीच्या खिडकीत बसून, कुणाची लाइन गेली, कुणाचा मीटर पळतो हे लिहून घेऊन, साहेबांची बोलणी खाऊन ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेल्यापासून तिचा हा गिनीपिग आजोबांच्या मांडीवर आला होता. घरात दिवसभर ते दोघंच. बटाट्याला काही झालं तर बाबा हाय खातील, ही तिला धास्ती होती.

"आकडी नाही हो ताई, खाज आहे."

"खाजेनं कुणी असं करतं?"

"सहन होईनाशी झाली की करतात बिचारे." डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला केले. पाठीवर एक मोठा चट्टा उघडा पडला होता आणि कातडी जाड होऊन तिच्यावर कोंड्यासारखे पापुद्रे सुटले होते. त्यांनी एक खपली हळूच खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "या, बघा."

तिने डोळा लावला. काहीतरी गोल, आखूड पायांचं, अगदी निवांत चाललं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

"खरजेचे किडे. कातडीत घर करतात. पण घाबरू नका, बरा होईल तो." त्यांनी बटाट्याचं वजन केलं, मानेमागे उघड्या कातडीवर औषधाचे थेंब सोडले, वाढलेली नखं कापली. "पंधरा दिवसांनी परत आणायचं, असं तीनदा. मधेच बरा दिसला म्हणून सोडून द्यायचं नाही. आंघोळ नको, आणि कुत्र्याचं औषध मनाने लावू नका. पिंजऱ्यातलं गवत, कापड सगळं आजच टाकून द्या."

तिला हायसं वाटलं, आणि त्याच दमात वाटलं, चला, अजून एक औषधपाणी मागे लागलं.

"घरात आणखी कुणाला खाज येते?"

"छे, कुणालाच नाही." खिडकीत बसून दिवसातून वीसदा 'आमच्याकडे काही बिघाड नाही' म्हणते, तसंच तोंडातून निघून गेलं.

"याला मांडीवर कोण घेतं?"

"बाबा. दिवसभर त्यांच्या पोटाशीच असतो."

"मग त्यांना नक्की येत असणार. हे किडे माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाहीत, पण तोवर जीव नकोसा करतात. काहीच बोलले नाहीत ते?"

बटाट्याला खोक्यात ठेवून ती झाकण लावत होती. नीट बसलेलं झाकण तिने उगाच पुन्हा काढलं.

"बोलले होते," ती म्हणाली.

चांगले चार-पाच वेळा बोलले होते. झोप लागत नाही म्हणाले, पोटावर काहीतरी चावतंय म्हणाले. गुडघा, कान, पोट साफ न होणं, असा त्यांचा रोजचा पाढा. त्यात तिने खाजही घालून टाकली. "दिवसभर लोकांच्या तक्रारीच ऐकते हो मी, बाबा. घरी तरी नको," असं एकदा तोडून म्हणाली. डॉक्टरकडे न्यायचा विषय निघाला तेव्हा, रजा मिळत नाही, म्हणाली. मग ते बोलायचे थांबले, आणि तिने समजून घेतलं की बरं वाटत असेल. आता तिची तिलाच लाज वाटली.

घरी बाबा दाराशी खुर्ची ओढूनच बसले होते. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"खरूज आहे. बरा होईल."

"होईल ना?" त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

तिने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. तशीच त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांचा हात ओढून घेतला आणि बटण सोडून बाही कोपरापर्यंत सारली. लाल पुरळ, वर नखांचे ओरखडे, काही ओले, काही खपली धरलेले. बाबांनी हात मागे घ्यायचा प्रयत्न केला, तिने सोडला नाही.

"उद्या तुम्हाला नेते. सकाळीच जाऊ," ती म्हणाली. "परत का नाही सांगितलंत, बाबा?"

बाबा खोक्यातल्या बटाट्याकडे बघत राहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"याचं बरंय," ते म्हणाले. "याला बोलता येत नाही."