माळ्यावरचा अल्बम

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुराचं पाणी दामिनीच्या घरात शिरलं, तेव्हा ती अमरावतीला धाकट्या भावाकडे होती. आठ दिवसांनी, सकाळी परतून तिनं कुलूप उघडलं. घोट्याएवढा गाळ होता आणि भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची रेघ उमटली होती.

ती थेट लोखंडी कपाटाकडे धावली. थोरल्या भावानं, प्रीतमदादानं, लहानपणापासून जमवलेल्या क्रिकेटच्या कार्डांचा अल्बम त्यात खालच्या कप्प्यात होता. त्याच्या घरी वाळवी लागली, म्हणून त्यानं तो तिच्याकडे सांभाळायला दिला होता. कपाट उघडलं, तर कप्प्यात नुसता चिखल.

डोळे पुसत तिनं वर पाहिलं. अल्बम माळ्यावर होता, भिंतीला टेकवून नीट उभा ठेवलेला.

स्टुलावर चढून तिनं तो काढला. प्लास्टिकच्या खिशातलं एकेक कार्ड कोरडं होतं. तिनं लगेच फोन लावला.

"दादा, सारे कार्ड वाचले! अल्बम माळ्यावर होता."

"मले तं झोप नव्हती, दामिनी. बरं झालं तू वर ठेवले."

"मी नाई ठेवले. किल्ली तं माह्याजवळच होती."

"मंग कोनं ठेवले?" प्रीतमनं विचारलं.

दामिनीला भीती वाटायला हवी होती. पण तिला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं. फोन ठेवून, अल्बम मांडीवर उघडून ती दारातल्या उन्हात बसली.

"कोनी असो, लय उपकार झाले जी," ती रिकाम्या घराला म्हणाली.

वारं पडलेलं होतं. मांडीवरचं पान हळूच उचललं गेलं, आणि कार्डाचा कोपरा दुमडू नये इतक्या जपून कोणीतरी ते उलटलं.