खांबावरचा कोट

"बोट चापाला लावू नका. आधी नुसतं बघायचं," बंदूकवाला म्हणाला.

शिंप्याने रायफल खांद्याला लावली. हात आखडला, मान वाकडी झाली. सुई-दोऱ्यात जन्म गेलेल्या माणसाला बंदूक कुठून जमायची, असं म्हणत त्याने कसाबसा गाल टेकवला.

दुकानामागचं मैदान अजून धूसर होतं. नुकतंच फटफटत होतं. पलीकडच्या टोकाला एक खांब, आणि खांबावर कोट. शिंप्याच्या पोराच्या अंगावर शेवटी जो कोट होता, त्याच कापडातून उरलेल्या तुकड्याचा. तशीच बटणं, तशीच कॉलर.

गेल्या हिवाळ्यात, अशाच वेळी, ह्याच रायफलीच्या गोळीने त्याचा पोरगा गेला होता. तिघं जण रानडुकराच्या मागे रानात गेले होते: पोरगा, जावई, आणि चहाची किटली घेऊन लेक. "झुडपात काळं काहीतरी हललं. डुक्कर वाटलं, मी गोळी झाडली," असं जावयाने स्वतः चौकीवर जाऊन सांगितलं. लेकीनेही तेच सांगितलं. जुनी रायफल, अंधूक उजेड. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? "सख्ख्या मेहुण्याला ओळखलं नाही होय?" असं कुणीतरी दुकानात कापड निवडता निवडता बोलून गेलं, आणि तेव्हापासून शिंप्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. जावई खोटं बोलत असेल, तर उरलेलं एकुलतं एक लेकरू खुन्याच्या घरात नांदत होतं. लेकीला विचारायचं तरी कसं?

लेकीवर त्याचा भारी जीव. पोरगा गेल्यावर त्याने घर, दुकान सगळं तिच्या नावावर केलं. त्याच घरावरून भावा-बहिणीचं एकदा कडाक्याचं वाजलं होतं. पण भांड्याला भांडं कुठल्या घरात लागत नाही? चौकीतून लेकीच्या घरची ती रायफल परत आली, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, नदीत टाका ती. मला बघवत नाही." ह्याने "विकतो" म्हणून सांगितलं आणि ओळखीचं कुणी नाही अशा गावची बस धरली. इथल्या बंदूकवाल्याला मात्र त्याने सगळं उघड सांगितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? जावयाला जे दिसलं, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"मागच्या खाचेत पुढची माशी धरा," बंदूकवाला म्हणाला. माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो बारका मणी. "धरली? आता कोट बघा."

शिंप्याने बघितलं. माशीच्या मागे नुसता काळा गोळा होता. कोट म्हणा, डुक्कर म्हणा, गवताचा भारा म्हणा.

"काही कळत नाही हो," तो म्हणाला. "काही म्हणजे काही कळत नाही!"

"मग झालं तर. जावई खरं बोलला."

शिंपी तिथेच बाकावर बसला आणि रडला. जिवात जीव आला होता. माणसावर कधी हात न उगारलेला जावई, त्याच्यावर आपण इतके महिने संशय घेतला, ह्याची त्याला लाज वाटली.

"रडा, रडा. पण विकायची असेल तर ह्या खाचेवर गिऱ्हाईक मिळायचं नाही," बंदूकवाला म्हणाला. "नेम धरायला भोकाची पट्टी बसवू, नाहीतर दुर्बीण. बघू, छिद्रं पाडायला जागा..." त्याने रायफल दिव्याच्या उजेडात धरली आणि तो थांबला. "छिद्रं आहेतच की. बिनडोक्याचे स्क्रू घालून बुजवलीत. ह्यावर दुर्बीण होती."

"कधी?"

"स्क्रूवर गंजाचा डाग नाही. वर्षाच्या आतच काढलीय."

त्याने फळीवरची एक जुनी दुर्बीण त्याच छिद्रांवर बसवली. शिंप्याने डोळा लावला. मैदान अजून धूसरच होतं, तरी खांबावरचा कोट हातभर अंतरावर आला. बटणं मोजता येत होती. कॉलरची शिवण दिसत होती. ह्यातून माणूस न ओळखणं शक्यच नव्हतं.

"त्याने बघून मारलं," शिंपी म्हणाला. त्याचा डोळा अजून दुर्बिणीवरच होता. "मेल्याने तोंड ओळखून मारलं माझ्या पोराला! मी आत्ताच जातो. लेकीला आधी बाहेर काढतो त्या घरातून."

"थांबा हो. इतकी मान मागे का ओढताय?"

"डोळ्यात घुसतेय ही."

"घुसणारच. दुर्बीण माणसाच्या मापाने बसवतात, तुमच्या कपड्यासारखीच. जावई अंगाने कसा?"

"ताडमाड. दारातून वाकून येतो."

"मग ही त्याची नव्हे. त्याने अशी झाडली असती तर धक्क्याने भुवई फुटली असती." बंदूकवाल्याने रायफल उलटी केली. "आणि खांद्याला टेकणारा हा लाकडी दस्ता बघा, मागून कापलाय. कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवला की बोट बरोबर चापावर यावं, एवढा ठेवतात. ज्याच्यासाठी कापला, त्याचा हात आखूड आहे."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत लावली. आकडा वाचला. टेप सरळ करून पुन्हा लावली. आकडा तोच आला.

"मापावरून ओळखता येतं का तुम्हाला?" बंदूकवाल्याने विचारलं. "कुणाचा हात?"

"ह्या हाताच्या बाह्या मी झबल्यापासून शिवत आलोय," शिंपी म्हणाला. "माझ्या लेकीचा."