मावशींचा रिपोर्ट

सरकारी दवाखान्यातली रिपोर्टची खिडकी चारला उघडणार होती आणि नंदा दोन वाजल्यापासूनच समोरच्या बाकावर येऊन बसली होती. बसली म्हणजे काय, टेकत होती आणि उठत होती. उठून पाणी पिऊन आली. भिंतीवरची कुटुंब नियोजनाची पाटी तीनदा वाचून झाली. पदर सावरायचं निमित्त करून तिनं मानेवर बोटं दाबून पाहिली. सकाळी उजव्या बाजूला गाठ लागली होती. आता लागेना. मग डावीकडे लागली.

तीन महिने हेच चाललं होतं. माजिवड्याच्या ज्या प्रसूतिगृहात ती आया होती, तिथे एका बाळंतिणीच्या खोलीतला कचरा भरताना कापसात राहिलेली सुई तिच्या अंगठ्यात घुसली. चार दिवसांनी त्या बाईच्या रक्तात एड्सचे जंतू निघाले. डॉक्टरीणबाईंनी नंदाला आत बोलावून दार लावून घेतलं.

"घाबरू नकोस. सुईनं सहसा होत नाही. पण खात्री तीन महिन्यांनी तपासल्यावरच."

त्या 'सहसा'नं नंदाची झोप खाल्ली. कामावरून सुटली की वाट वाकडी करून ती ठाणे स्टेशनात जायची आणि यंत्रात नाणं टाकून वजन करायची. तिकिटामागे भविष्य छापलेलं असे. एकदा 'लवकरच प्रवासाचा योग' आला, तेव्हा तिथेच मटकन खाली बसली. कोलशेतच्या घरात तिनं आपलं ताट वेगळं केलं. चार वर्षांच्या मंजुळाला काटे काढून मासा भरवायचं बंद केलं. नवऱ्याला जवळ येऊ देईना. दगडूला यातलं काही ठाऊक नव्हतं. खाडीवरून दमून आलेला माणूस, एक दिवस जाळं आपटून म्हणाला, "माझा हात लागला तर इटाळ होतो काय गं तुला?" तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात त्या बाळंतिणीला शिव्या दिल्या.

तीनच्या सुमारास खांद्यावर मूल घेतलेली एक बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"मावशी, तुम्ही माजिवड्याच्या ना?"

नंदानं वळून पाहिलं. कोपरची सरस्वती. तीच ती बाळंतीण. गाल बसले होते, डोळे मोठे दिसत होते.

"तुम्हीच ह्याला पहिली अंघोळ घातलेली," सरस्वती म्हणाली. "नंतर कळलं तेव्हा कोणी हात लावेना. मीच घातली, टाके असताना." मग जरा थांबून, "तुम्ही इथे कशाला?"

नणंदेचा रिपोर्ट न्यायला आलेय, असं सांगायचं नंदानं घरूनच ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"सुई लागलेली."

"कोणाची?"

नंदानं अंगठा मुठीत मिटून घेतला. सरस्वतीनं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. बराच वेळ ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. मूल तर केव्हाच झोपलं होतं.

"मला कोणी सांगितलंच नाही," ती शेवटी म्हणाली.

या बाईला ऐकवायला नंदानं तीन महिने किती शब्द साठवले होते. त्यातला एकही जिभेवर येईना.

"बाळाचं कसंय?" तिनं विचारलं.

"मी माझ्या औषधांना येते. ह्याचं आता कळत नाही म्हणे. दीड वर्षाचा झाला की मग."

"दीड वर्ष?"

"हो ना. तोवर चालायला लागेल."

चारला खिडकी उघडली. पहिलंच नाव नंदाचं. तिनं पुन्हा मानेवर बोटं दाबली. "जा, मावशी," सरस्वती म्हणाली. खिडकीतल्या माणसानं कागद तिच्या हातात दिलाच नाही. "आत डॉक्टरांकडे जा," म्हणाला.

"सगळ्यांनाच आत पाठवतात का?"

"अहो बाई, जा ना आत."

आत पंख्याखाली एक तरुण डॉक्टर बसला होता. त्यानं कागद उघडला, वाचला, आणि तिला काही विचारायचा अवकाश न देता म्हणाला, "काही नाही निघालं. घरी जा."

"सहसा नाही की नाहीच?"

"नाहीच."

तिनं आणखी दोनदा विचारलं. त्यानं दोन्ही वेळा न चिडता सांगितलं आणि कागद तिच्या हातात दिला.

खोलीला मागूनही दार होतं. तिथून सरळ फाटकाकडे जाता आलं असतं, रिक्षाही उभ्या दिसत होत्या. नंदा त्या दारापर्यंत गेली, पाऊलही बाहेर टाकलं. दगडूला आज सगळं सांगून टाकायचं, असं मनाशी म्हणाली. मग पाऊल मागे घेतलं आणि आली तशी बाकाकडे परतली.

सरस्वती उठून उभी राहिली. नंदाला तिच्याकडे बघवेना. हातातला कागद तिनं घडी घालून घालून बोटाएवढा केला होता.

"सांगा ना," सरस्वती म्हणाली. "चांगलं आलं असलं तरी सांगा."

"काही नाही निघालं."

सरस्वतीनं डोळे मिटले. मग झोपलेल्या मुलाला खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांनी नंदासमोर धरलं. ते किलकिल्या डोळ्यांनी बघू लागलं.

"ऐकलंस का रे?" ती त्याला म्हणाली. "तुझ्या आईच्या सुईनं मावशींना काही झालं नाही."