बत्तीस वर्षांची

"अहो, पण लग्नाच्या आधीपासून खातायत हे माझी बिस्किटं!" बेकरीवाली डॉक्टरबाईंवर जवळजवळ खेकसलीच.

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. ओठ टम्म सुजलेले, मानेवर गांधी उठलेल्या. वर्षभराचं पथ्य संपलं म्हणून त्याने दुकानातलं शेंगदाण्याचं एक बिस्कीट तोंडात टाकलं होतं. एकच.

डॉक्टरबाईंनी समजावलं. रक्ताच्या कॅन्सरमुळे गेल्या वर्षी त्याचा बोन मॅरो बदलावा लागला होता. "आता यांच्या शरीराचा पहारा दात्याच्या पेशी करतात. घरचं कोण, बाहेरचं कोण, हे त्याच ठरवतात. दात्याला शेंगदाण्याची अॅलर्जी असणार. ती यांच्याकडे आली. क्वचित होतं असं."

दाता म्हणे! दाता कसला, बाई होती ती. बत्तीस वर्षांची. नाव-गाव सांगायचं नाही असा नियम, पण एवढं हॉस्पिटलने सांगितलं होतं आणि बेकरीवालीला वर्षभर जळायला तेवढं पुरलं होतं. सगळ्यांच्या आधी तिने स्वतःचं रक्त तपासायला दिलं होतं. पेशींची ओळख ठरवणारी जनुकं जुळावी लागतात, नवराबायकोची सहसा जुळत नाहीत, असं याच डॉक्टरबाईंनी तेव्हा ऐकवलं होतं. एवढा संसार करून जे जुळलं नाही, ते कोणा परकीचं पहिल्या फटक्यात जुळलं. रक्तगटसुद्धा आता तिचाच.

"माझं काही म्हणता काही लागलं नाही यांना," ती म्हणाली. "तिचं मात्र सगळं आलं. उद्या आवडीनिवडीही येतील."

"तसं नाही होत," डॉक्टरबाई हसल्या.

"मग हे काय झालं?"

नवरा सुजलेल्या ओठांनी पुटपुटला, "मी कुठे भेटलोय तिला?"

"भेटायची गरजच काय? अंगातच आहे की तुमच्या!"

डॉक्टरबाई हसायच्या थांबल्या. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो, त्यांनी बजावलं. भट्टी, ट्रे, बरण्या, कुठेही शेंगदाण्याचा कण राहता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाली थंड भट्टीसमोर बसून राहिली. दुकान चालायचं ते याच बिस्किटांवर. कृती तिची, हात तिचा. या बिस्किटांवर भाळूनच हा गडी रोज दुकानात येऊ लागला, असं ती अजूनही येईल त्याला सांगायची. आता तेही गेलं. तिने शेंगदाण्याच्या पोत्याचं तोंड करकचून आवळलं आणि पोतं फरफटत मागच्या दाराबाहेर नेलं.

"बया कुठली!" ती पोत्यालाच म्हणाली.

मग उकळतं पाणी घेऊन ट्रे घासायला बसली. नवरा मदतीला आला, तर "लांब व्हा आधी" म्हणून त्याला हाकललं. कोपरे केसातल्या आकड्याने कोरून काढले. तिकडे त्या बाईसाठी कोणी असं घासत असेल का, असं मध्येच मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. ती आणखी जोरात घासू लागली.

दुपारी समोरचा शिंपी नेहमीसारखा आला.

"वहिनी, शेंगदाण्याची बिस्किटं द्या पाव किलो."

"बंद केली."

"बंद? अहो, ही नसतील तर तुमच्याकडे यायचं कशाला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो गल्ल्यावर बसला होता. सूज उतरत आली होती.

"आमच्या घरात एकीला चालत नाहीत," ती म्हणाली.

शिंपी बुचकळ्यात पडला. घरात तर ही दोघंच. त्याने मान वाकडी करून आतल्या खोलीत डोकावून पाहिलं.