हुकलेला फ्री थ्रो

नागपूरच्या बास्केटबॉल संघाची कप्तान शलाका गेडाम हिने छापून आलेली स्कोअरशीट वाचली. तिचे अकरा गुण, सात रिबाउंड. शेवटचा फ्री थ्रो तिनेच हुकवला होता. संघ एका गुणाने हरला होता. मशीन सामन्याचा निकाल आकड्यांसकट आधीच छापून देऊ लागल्यापासून सामने कुणी खेळतच नव्हतं. दोन्ही संघांचे कप्तान आणि कोच त्या शीटवर सह्या करून घरी जात. तरी शलाका गुडघ्याला पट्टी बांधूनच यायची.

"सर, तेवढा एक टाकून बघते."

कोच भोयर सरांनी बॉल तिच्याकडे टाकला. ती रिकाम्या कोर्टवर गेली. बॉल अलगद जाळीतून खाली आला.

"कुठं बोलू नको, शलाका," सर थकल्या आवाजात म्हणाले. "सात वर्षं आपणच सह्या केल्यात."